घरची तालीम : व्यायामसाधनांची डोळस निवड

भरलेल्या घरगुती गॅस सिलिंडरचे वजन सुमारे ३० किलो असते. तो दारापासून ओट्यापर्यंत नेणे, प्रवासात जड बॅग वरच्या फळीवर ठेवणे किंवा नातवंडाला जमिनीवरून उचलून कडेवर घेणे, यांपैकी कोणत्याही कामात एकच स्नायू राबत नाही. पाय, कंबर, पाठ, खांदा आणि मूठ यांना एकाच वेळी, तोल सांभाळून कार्य करावे लागते. अशा नित्याच्या हालचालींना बळ देणाऱ्या व्यायामास ‘फंक्शनल ट्रेनिंग’ असे म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायामही करावा. पासष्टी गाठलेल्यांसाठी तर तोल व शक्ती यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सुचविला आहे. सकाळच्या फेरफटक्याने पहिली अट पूर्ण होते; दुसरी मात्र, विशेषतः दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांची, बहुधा राहून जाते. ती घरच्या घरी पूर्ण करण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. लागते ती विचारपूर्वक केलेली निवड.

वजन मुठीबाहेरचे

या साधनांत सर्वांत परिचित झालेले साधन म्हणजे केटलबेल, अर्थात कडीसारखी मूठ असलेला लोखंडी गोळा. त्याचे मूळ रशियात असून तेथे त्यास ‘गिर्या’ म्हणतात. बाजारात धान्य तोलण्याच्या वजनांनी लोक ताकद आजमावू लागले आणि त्यातून हा व्यायाम रूढ झाला. आजही मिळणारी १६, २४ व ३२ किलोंची वजने ‘पूद’ या जुन्या रशियन मापाची एकपट, दीडपट व दुप्पट आहेत.

डंबेलचे वजन मुठीच्या दोन्ही बाजूंस सारखे विभागलेले असते. केटलबेलचे वजन मुठीबाहेर लोंबते व हालचालीबरोबर झुलते. त्याला आवरताना सर्व शरीराला काम पडते. हे तत्त्व आपल्याला नवे नाही. तालमीतील मुद्गल व गदा यांतही वजन मुठीपासून दूरच असते. हीच मुद्गलविद्या एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांमार्फत युरोपात गेली आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये हलके मुद्गल फिरविण्याची स्पर्धाही झाली.

खरेदीपूर्वी

केटलबेलचे आकडे पाहण्याआधी तिची मूठ पाहावी. मुठीवरून बोट फिरविल्यास ओतकामाची खरखरीत कड लागता कामा नये. तीच पुढे तळहात सोलते. दोन्ही हातांचे पंजे मुठीत मावावेत. बूड सपाट असावे, म्हणजे गोळा कलंडत नाही. अखंड ओतीव लोखंडाची केटलबेल टिकाऊ ठरते. प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली स्वस्त पडते. परंतु त्याच वजनाला तिचा आकार मोठा असल्याने ती हातावर आदळते. स्पर्धेसाठीच्या पोलादी केटलबेलचा आकार सर्व वजनांत सारखाच असतो. मात्र घरच्या व्यायामासाठी तो खर्च अनिवार्य नाही. किंमत पडताळताना एकूण रकमेबरोबर प्रतिकिलो दरही काढावा.

पूर्वी वजनाचा व्यायाम न केलेल्या स्त्रियांनी ६ ते ८ किलो, तर पुरुषांनी १२ किलोच्या आसपास प्रारंभ करावा. ज्येष्ठांना ४ ते ६ किलो पुरेसे होते. जे वजन कंबर मागे न वाकविता, श्वास न कोंडता, सावकाश सहा-सात वेळा डोक्यावर नेता येते, ते आपले वजन समजावे. सुरुवातीस एकच घ्यावे. संपूर्ण संच एकदम घेतल्यास त्यातील निम्मी वजने कोपऱ्यात पडून राहतात.

रबरी पट्टा हे सर्वांत स्वस्त व प्रवासात नेण्याजोगे साधन होय. त्याच्या रंगावरून ताण दर्शविला जातो, पण प्रत्येक कंपनीचे रंग निराळे असतात. म्हणून रंगावर न जाता ओढून पाहावे. उन्हाने व उष्णतेने रबर चिरते. ताणलेला पट्टा तुटल्यास डोळ्यास इजा होऊ शकते, यास्तव दर वेळी भेगा तपासाव्यात. दारास अडकवावयाचे पट्टे वापरताना आपल्या ओढीने दार मिटेल अशाच बाजूस उभे राहावे. मुद्गल घ्यावयाचे झाल्यास दोन ते तीन किलोंची लाकडी जोडी नवशिक्यास पुरते. वजन मुठीपासून दूर असल्याने ती हाताला अधिक जड भासते.

घर आणि शरीर

सदनिकेतील जागेचाही विचार हवा. मुद्गल फिरविताना छताचा पंखा व दिवा यांपासून पुरेसे अंतर असावे. जमिनीवर जाड रबरी चटई अंथरावी. त्याने फरशीही वाचते आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची झोपही. समुद्रकाठच्या दमट हवेत लोखंडास लवकर गंज चढतो; व्यायामानंतर घाम कोरड्या फडक्याने पुसून अधूनमधून तेलाचा हलका हात फिरवावा.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही. केटलबेलचा झोका हा खांद्याने उचलण्याचा नव्हे, तर पाठ सरळ ठेवून नितंबाच्या सांध्यातून वाकण्याचा व उठण्याचा व्यायाम आहे. तो चुकीच्या रीतीने केल्यास ज्या कमरेसाठी खटाटोप केला, तीच दुखावते. म्हणून पहिले काही दिवस जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेखाली घालवावेत. दुसऱ्या साधनासाठी राखून ठेवलेले पैसे त्यासाठी खर्च करणे अधिक श्रेयस्कर. हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आरंभ करू नये.

एक बेताचे वजन, एक पट्टा, एक चटई आणि आठवड्यातील दोन ठरलेले दिवस एवढे भांडवल पुरेसे आहे. पुढचे वजन केव्हा घ्यावे, हे मग जाहिरातीने सांगावे लागत नाही. आजचे वजन हलके वाटू लागले, की ती वेळ आली असे समजावे.