वर्सोवा ते घाटकोपर, नोटांच्या रांगेने

पाचशेची नोट घ्या. लांबी १५० मिलिमीटर, रुंदी ६६ मिलिमीटर. ती वर्सोवा मेट्रो स्थानकाखाली जमिनीवर ठेवा. तिला टेकवून दुसरी, मग तिसरी. डी. एन. नगर, अंधेरी, चकाला, साकीनाका, असल्फा करत ही रांग घाटकोपरला पोचेल, तेव्हा ११.४ किलोमीटर पुरे होतील आणि नोटा भरतील ७६ हजार. म्हणजे ३ कोटी ८० लाख रुपये.

इथपर्यंत आकडा आवाक्यातला आहे. उपनगरात घराच्या भावाची चौकशी केलेल्या कुणालाही कोटी हा शब्द नवा नाही. पण बातमीत ‘लाख कोटी’ आले की डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही, आणि आपण पान उलटतो. ज्या पैशांत आपलाही वाटा आहे, त्यांच्याबद्दल आपण असे मुके राहू नये. म्हणून या रांगेचीच मोजपट्टी करू.

पहिले माप घरचे. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. तेवढ्या पैशांत वर्सोवा-घाटकोपर अशा साडेएकोणीस हजारांहून जास्त रांगा लागतील. त्या शेजारी शेजारी लावल्या तर नोटांचा पट्टा १.३ किलोमीटर रुंद होईल. क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस किलोमीटर.

आता याच वर्षीचा केंद्राचा अर्थसंकल्प: ५०.६५ लाख कोटी. पट्ट्याची रुंदी ८८ किलोमीटर, क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटर. महापालिकेची सगळी हद्द, कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत, सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटर आहे. अख्खी मुंबई दोनदा झाकली जाईल आणि तरी नोटा उरतील.

याच अर्थसंकल्पात ग्रामीण रोजगार हमीसाठी ठेवले होते ८६ हजार कोटी. नोटांत १७ चौरस किलोमीटर. १९७२च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात उभी राहिलेली आणि पुढे देशाने उचललेली ही कल्पना. साऱ्या देशाच्या खेड्यांसाठी तिच्या वाट्याला आलेला पट्टा एका शहराच्या महापालिकेच्या पट्ट्याहून जेमतेम दोन चौरस किलोमीटर मोठा. दोन्ही आकडे वेगवेगळे वाचले तर प्रचंडच वाटतात. शेजारी ठेवले की खरे माप दिसते.

मात्र हजार चौरस किलोमीटरचा पट्टा अंथरायला गेलो, तर आपण मध्येच अडकू. एवढ्या नोटा देशात नाहीतच. मार्च २०२५मध्ये चलनात असलेल्या सर्व नोटांची किंमत होती सुमारे ३७ लाख कोटी. त्या साऱ्या पाचशेच्या धरल्या तरी भरतील ७३० चौरस किलोमीटर. आणि देशात वर्षभरात तयार होणाऱ्या वस्तू-सेवांचे मोल, म्हणजे जीडीपी, सरकारच्या २०२५-२६च्या अंदाजानुसार ३५७ लाख कोटी. त्याला लागेल ७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त जागा: जवळजवळ अख्खा रायगड जिल्हा.

रायगडभर व्यवहार आणि नोटा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या, हे जमते कसे? एक तर बहुतेक मोठा पैसा नोटांत नसतोच, तो बँकांच्या खात्यांतली नोंद असतो. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून झालेल्या व्यवहारांची नुसती संख्याच दोन हजार कोटींहून जास्त होती. दुसरे, नोट थांबत नाही. मुलुंडच्या बाजारात सकाळी भाजीवाल्याकडे आलेली पाचशेची नोट दुपारी रिक्षावाल्याकडे, संध्याकाळी औषधाच्या दुकानात जाते. पैशाच्या या फिरण्याच्या वेगालाही अर्थव्यवस्थेत मोल आहे. लोकांनी धास्तीने हात आखडला, तर नोटा तेवढ्याच राहूनही धंदा बसतो. जीडीपी मोजताना मात्र एकच गोष्ट दोनदा धरायची नाही. वडापाववाल्याने घेतलेले बटाटे वेगळे मोजत नाहीत. ते वड्याच्या किमतीत आलेले असतात.

आता केंद्राची तूट, म्हणजे उत्पन्नाहून जास्त खर्च भागवायला काढावे लागणारे कर्ज. २०२५-२६साठी अंदाज १५.६९ लाख कोटी, जीडीपीच्या ४.४ टक्के. टक्क्यांत ऐकले तर चिमूटभर. नोटांत मोजले तर ३१० चौरस किलोमीटर, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या तिप्पट. दोन्ही वर्णने खरी आहेत. रायगडाएवढ्या कमाईपुढे हे कर्ज पेलण्याजोगे असू शकते. पण चिमूटभर म्हणून दुर्लक्ष करण्याइतके ते लहान नाही.

जुन्या-नव्या कर्जावर त्या वर्षी व्याज धरले होते १२.७६ लाख कोटी. हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातला पाव भाग. रस्ते, रेल्वे, पूल अशा भांडवली खर्चासाठी केंद्राने थेट ठेवलेल्या ११.२१ लाख कोटींपेक्षाही तो मोठा आहे.

हे व्याज समुद्रात बुडत नाही. सरकारचे बहुतेक कर्ज देशातलेच. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी हे सरकारचे कर्जरोखे घेतात. बोरिवलीतल्या निवृत्त शिक्षकाच्या विम्यात, मुलुंडच्या नोकरदाराच्या पीएफमध्ये या व्याजाचा अंश पोचतो. पण व्याज भरायला लागणारा कर सगळ्यांकडून येतो. असल्फाच्या टेकडीवर राहणारी घरकाम करणारी बाई साबण घेते तेव्हा जीएसटी देते. तिच्याकडे साठवणच नसेल, तर व्याजातले तिच्याकडे परत काही येत नाही. साठवण असलेल्याकडे पैसा परततो, नसलेल्याकडून नुसता जातो. तुटीची चर्चा फक्त टक्क्यांत झाली, तर हे कुठेच दिसत नाही.

वर्षाचे व्याज सेकंदांत वाटले तर दर सेकंदाला सुमारे ४ लाख रुपये. वर्सोव्याहून घाटकोपरला मेट्रोने २१ मिनिटे लागतात. तेवढ्यात ५१ कोटी. म्हणजे आपण बसलेली गाडी पोचेपर्यंत खाली पाचशेच्या नोटांच्या तेरा रांगा या टोकापासून त्या टोकापर्यंत लागलेल्या असतील. गाडी असल्फाला थांबली की खिडकीतून टेकडीकडे बघावे आणि विचारावे: या तेरा रांगांपैकी वर किती चढल्या?