हेडफोन लावले की काम खरंच भराभर होतं का? लोअर परळच्या गिरण्यांपासून समजून घेऊ

सकाळी लोअर परळ स्टेशनवर उतरणारी गर्दी बघा. कुणाच्या कानात इअरफोन, कुणाच्या गळ्यात हेडफोन. ऑफिसात पोचल्यावरही ते निघत नाहीत. साहेबांना वाटतं पोरगं टाइमपास करतंय. पोरगं म्हणतं, गाण्याशिवाय कामच होत नाही. मग खरं कोण बोलतंय?

गंमत म्हणजे आज जिथे ऑफिसं आणि मॉल आहेत, त्या कमला मिल, फिनिक्स मिलच्या आवारात एकेकाळी गाणं ऐकू येणंच शक्य नव्हतं. साचाखात्यात शेकडो साचे एकदम धडधडायचे. आवाज ९० डेसिबलच्या पुढे. शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे नाहीतर ओठांच्या हालचाली. अनेकांनी तिथे कान गमावले. गाणं भेटायचं ते पाळी सुटल्यावर, चाळीतल्या भजनी मंडळात किंवा शाहिरांच्या कार्यक्रमात.

याच कामगारांच्या गावाकडे मात्र काम आणि गाणं सोबतच चालायचं. जात्यावरच्या ओव्या हे त्याचं जुनं उदाहरण. एकसुरी कामात मन कंटाळतं. ताल असला की हात चालत राहतो.

हीच गोष्ट ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात वापरली. जून १९४० मध्ये बीबीसीने खास कारखान्यांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' सुरू केलं. रोज दोनदा, अर्धा-अर्धा तास. नियम कडक होते: आवाज एकसारखा हवा आणि लक्ष वेधून घेणारं काही नको. टाळ्या वाजवायला लावणारं एक गाणं तर बंदच केलं, कारण कामगार हातातली अवजारं आपटून ताल धरायचे.

पण ऑफिसचं काम म्हणजे जातं नाही. इथे सगळा खेळ शब्दांचा. ईमेल लिहिताना किंवा रिपोर्ट वाचताना मेंदू शब्द हाताळत असतो. त्यात ओळखीच्या भाषेतलं गाणं लागलं की तेही शब्दच. दोघांची टक्कर होते आणि एकच ओळ तीनदा वाचावी लागते. डेटा एंट्री, फायली लावणं, फोटो कापणं अशा कामांत ही अडचण फारशी येत नाही.

मग पोरगं चूक का? तसंही नाही. २००५ मध्ये टेरेसा लेसियुक यांचा कॅनडातल्या सॉफ्टवेअर डेव्हलपर्सवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाणी बंद ठेवली त्या काळात त्यांच्या कामाचा दर्जा खालावला आणि वेळही जास्त लागला. गाण्याने बुद्धी वाढते असं नाही, मूड सुधारतो. आणि यात महत्त्वाचं म्हणजे ही गाणी त्यांनी स्वतः निवडलेली होती.

म्हणूनच ऑफिसच्या स्पीकरवर सगळ्यांसाठी एकच प्लेलिस्ट लावली की एकाचा मूड बनतो आणि दुसऱ्याचं डोकं उठतं.

थोडक्यात, एकसुरी काम असेल तर आवडतं गाणं खुशाल लावा. लिहिण्या-वाचण्याचं काम असेल तर बिनशब्दांचं वाद्यसंगीत किंवा शांतता. आणि आवाज बेताचाच ठेवा. गिरणी कामगाराला आवाज कमी करायचं बटण नव्हतं, तुमच्याकडे आहे.