शेक देणारे यंत्र

गोष्ट आमच्याच घरातली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या वहिनींच्या छातीत गाठ निघाली. तपासणीत कॅन्सर ठरला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, "आता पाच आठवडे शेक घ्यावा लागेल." वहिनी शहरात भाचीकडे राहिल्या आणि रोज दवाखान्यात जाऊ लागल्या.

आठ दिवस झाले नाहीत, तोच वहिनी पिशवी घेऊन दारात उभ्या! शेक अर्ध्यावर टाकून आल्या होत्या.

मी विचारले, "का हो वहिनी?"

त्या म्हणाल्या, "भावजी, तिथं बाकावर बसलेल्या बाया सांगतात, हा अणुबाँबचा शेक आहे. तो अंगात राहतो. अंगातून लेकराबाळांना लागतो. चार महिन्यांची नात आहे माझी. तिला मांडीवर घ्यायचं नाही, तर मग जगून तरी काय करू? तुम्ही शिकलेले. सांगा, माझ्या अंगात काय राहतं?"

मी जन्मभर मुलांना शिकवले. पण माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मला उत्तर येत नव्हते. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने शहर गाठले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना उसंत नव्हती. त्यांनी मला एका तरुणाकडे पाठवले. हा तरुण डॉक्टर नव्हता. तो पदार्थविज्ञान शिकलेला होता. शेक देणाऱ्या यंत्राचा हिशेब तो पाहत असे. माझे वय पाहून तो म्हणाला, "बसा गुरुजी. सगळं सांगतो."

त्याने जे सांगितले आणि पुढे मी स्वतः जे वाचले, ते आज तुम्हाला सांगतो.

अणू आणि त्याचा गाभा

माती, पाणी, लोखंड, ज्वारीचा दाणा, आपले अंग, हे सगळे अणूंचे बनलेले आहे. अणू इतका लहान असतो की डोळ्यांना दिसत नाही. पण त्या अणूच्या पोटात आणखी एक लहान वस्तू असते. तिला अणूचा गाभा म्हणतात.

हा गाभा केवढा? समजा, अणू फुगवून एक किलोमीटर रुंद केला, म्हणजे आपल्या गावाएवढा केला. मग त्याचा गाभा गावाच्या मध्यावर ठेवलेल्या एका लहानशा बोराएवढा होईल. बाकी सगळी जागा जवळजवळ मोकळी. त्या मोकळ्या जागेत इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे बारीक कण असतात. आणि गंमत अशी, की अणूचे जवळजवळ सगळे वजन त्या बोरात असते.

हे शोधले अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी. ते न्यूझीलंडमधल्या एका शेतकऱ्याचे पुत्र. इंग्लंडमध्ये त्यांच्या हाताखालच्या लोकांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर बारीक कणांचा मारा केला. बहुतेक कण पत्र्यातून आरपार गेले. पण हजारो कणांमधला एखादा चक्क मागे उलटला! आत काहीतरी जड आणि टणक असल्याशिवाय असे होणार नाही. यावरून १९११ साली रदरफोर्ड यांनी गाभ्याची कल्पना मांडली.

खडा मारायचा, तर गोफण हवी

गाभ्याच्या आत काय आहे, हे पाहायचे कसे? उंच झाडावरची कैरी पाडायला आपण खडा मारतो. तसाच गाभ्यावरही कणाचा खडा मारायचा. पण इथे एक अडचण आहे. गाभ्यावर धन जातीची वीज असते. प्रोटॉन नावाच्या कणावरही धन वीजच असते. दोन्ही एका जातीच्या विजा एकमेकींना दूर ढकलतात. तेव्हा खडा फार वेगाने गेला पाहिजे. नाहीतर तो वाटेतूनच परत फिरतो.

हाताने फेकलेला खडा जवळ पडतो. गोफणीतला खडा लांब जातो. शास्त्रज्ञांनाही गोफण हवी होती. अशा यंत्राला त्वरक म्हणतात. त्वरक म्हणजे वेग वाढवणारा.

केंब्रिज येथे कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या दोघांनी रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत असे यंत्र उभारले. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. त्यांनी लाखो व्होल्टचा दाब तयार केला. त्या दाबाने प्रोटॉन पळवून त्यांनी लिथियम नावाच्या हलक्या धातूवर आदळले. १४ एप्रिल १९३२ रोजी लिथियमच्या गाभ्याचे दोन तुकडे झालेले दिसले. माणसाने यंत्राने पळवलेल्या कणांनी गाभा फोडला, तो हा दिवस. १९५१ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एक मोठा धक्का की पुष्कळ लहान धक्के?

पण लाखो व्होल्ट सांभाळणे सोपे नाही. ठिणग्या उडतात, यंत्र जळते. यावर नॉर्वेच्या विडेरो यांनी एक युक्ती काढली. आपली मुले काठीने चाक पळवतात, ते पाहा. मुलगा चाकाला एकच जोराचा तडाखा देत नाही. धावता धावता टिचकी मारत राहतो. टिचकीगणिक चाकाचा वेग वाढतो. विडेरो यांनी कणांना तशाच एकामागून एक टिचक्या दिल्या. हे यंत्र सरळ रेषेचे होते. ते त्यांनी १९२८ साली जर्मनीत केले.

त्यांचा लेख अमेरिकेत अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या हाती पडला. लेख जर्मन भाषेत होता. लॉरेन्स यांना ती भाषा नीट येत नव्हती. त्यांनी नुसत्या आकृत्या पाहिल्या आणि त्यांना पुढची कल्पना सुचली. कण सरळ नेण्याऐवजी गोल फिरवला तर? बैल घाण्याभोवती फिरतो, तसा कण लोहचुंबकाच्या जोराने गोल फिरेल. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला त्याला एक टिचकी द्यायची. या यंत्राचे नाव सायक्लोट्रॉन. १९३१ सालच्या सुरुवातीला चाललेले त्यांचे यंत्र तळहाताएवढे होते. त्यात २,००० व्होल्टहून कमी दाब लावून कणाला ८०,००० व्होल्टएवढा जोर मिळाला!

आता ऐका. १९३७ साली या लॉरेन्स यांच्या आईलाच कॅन्सर झाला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने दहा लाख व्होल्टचे क्ष-किरणांचे यंत्र बनवले होते. त्या यंत्राने आईवर उपचार झाले. ती पुढे पुष्कळ वर्षे जगली. गाभा फोडायला निघालेली विद्या अशी आजाऱ्याच्या खाटेपाशी येऊन पोचली.

दवाखान्यातली गोफण

आता वहिनींच्या यंत्राकडे येऊ. त्यात काय असते?

एक तार तापवतात. तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते एका नळीत शिरतात. नळीत विजेच्या लहरी त्यांना टिचकीमागून टिचकी देतात. नळी साधारण पुरुषभर लांबीची किंवा त्याहून लहान. पण तेवढ्यात इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जातो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर!

मग हे इलेक्ट्रॉन टंगस्टन धातूच्या तुकड्यावर आदळतात. टंगस्टन म्हणजे जुन्या गोल दिव्यातल्या तारेचा धातू. आदळून ते एकदम थांबतात, आणि त्या थांबण्यातून क्ष-किरण निघतात. हाड मोडल्यावर आपण फोटो काढतो, तेच हे किरण. फक्त त्यांचा जोर पुष्कळ जास्त.

यात अणुबाँब कुठेच नाही. बटण दाबले की किरण सुरू. बटण बंद केले की किरण बंद. कंदील विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का? नाही. तसेच इथेही अंगात काही उरत नाही.

असे यंत्र मुंबईच्या समीर या सरकारी संस्थेनेही तयार केले आहे. त्यातले एक आपल्या सेवाग्रामच्या रुग्णालयात बसले.

मग इतके दिवस कशाला?

मी त्या तरुणाला हेच विचारले. किरण इतके जोरदार, तर एकाच दिवशी का देत नाही?

तो म्हणाला, "गुरुजी, किरण कॅन्सरच्या पेशींना मारतात, पण शेजारच्या चांगल्या पेशींनाही इजा करतात. चांगल्या पेशी पुढच्या दिवसापर्यंत आपली डागडुजी करून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ती तितकी जमत नाही. म्हणून रोज थोडं थोडं द्यायचं. मधेच सोडलं, तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला सवड मिळते."

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. अर्धे तण उपटून शेत सोडले तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

दुसरी युक्ती अशी. यंत्राचे तोंड रोग्याभोवती फिरते. किरण वेगवेगळ्या बाजूंनी येतात. प्रत्येक बाजूच्या कातडीला थोडाच भाग मिळतो. पण सगळ्या वाटा जिथे भेटतात, त्या रोगाच्या जागेला पुरा भाग मिळतो.

पत्त्यांच्या डावातून निघालेला हिशेब

मग कुठून किती किरण सोडायचे, हे कसे ठरते? अंदाजाने नाही, हिशेबाने. या हिशेबाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे.

१९४६ साली अमेरिकेत स्टानिस्लाव उलाम नावाचे गणिती आजारातून उठत होते. अंथरुणात पडल्या पडल्या ते एकट्याने पत्त्यांचा डाव लावत. त्यांनी विचार केला, हा डाव सुटण्याचा संभव किती? गणित मांडायला गेले, तर ते फार अवघड निघाले. मग त्यांना सुचले, गणित कशाला? शंभर डाव खेळावे आणि किती सुटले ते मोजावे!

हीच रीत त्यांनी आणि फॉन नॉयमान यांनी कणांना लावली. एक कण घ्यायचा. तो पुढे जाईल की आदळेल? आदळून कुठे वळेल? जणू पत्ता काढून ठरवायचे. असे लाखो कण संगणकात सोडायचे आणि कुठे किती थांबले ते मोजायचे. मोंटे कार्लो हे जुगारासाठी प्रसिद्ध ठिकाण. त्याचेच नाव या रीतीला मिळाले.

खरे सांगायचे, तर ही रीत पहिल्याने बाँबच्या कामासाठी वापरली गेली. पण विळा गवतही कापतो आणि बोटही. आज तीच रीत दवाखान्यात उपयोगी पडते. रोग्याचे चित्र यंत्राने आधी घेतात. संगणक त्या चित्रात अंगाचे बारीक बारीक चौकोनी खडे पाडतो. प्रत्येक खड्याला किती किरण मिळतील, याचा हिशेब होतो. हृदयाला कमी, फुप्फुसाला कमी, रोगाच्या जागेला पुरेसे. हिशेब बरोबर आहे का, हे पाण्याच्या टाकीत किरण सोडून, मोजून पाहतात. पाणीच का? कारण आपल्या अंगात बहुतांशी पाणीच असते.

आता यापुढचे पाऊलही पडले आहे. क्ष-किरण वाटेत थोडे थोडे खर्च होतात आणि उरलेले पलीकडे निघून जातात. प्रोटॉनचे तसे नाही. तो आपला बहुतेक जोर मुक्कामाच्या जागी टाकतो आणि तिथेच थांबतो. पलीकडच्या भागाला इजा होत नाही. ही सूचना रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ सालीच केली होती. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राने २०२३ साली प्रोटॉनचे उपचार सुरू केले.

वहिनींचे उत्तर

संध्याकाळी घरी आलो. वहिनींना म्हटले, "वहिनी, अंगात काही राहत नाही. यंत्र बंद झालं की किरण संपले. नातीला खुशाल मांडीवर घ्या."

त्यांनी मला तीनदा विचारले, "नक्की ना?" मी तीनदा सांगितले, "नक्की." मग त्या उठल्या आणि नातीला पाळण्यातून उचलले.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेलो. तीन दिवस चुकले होते. डॉक्टर थोडे रागावले, पण त्यांनी नवा हिशेब करून भरपाई ठरवली. कातडी काळवंडली, थकवा आला. पण पाच आठवड्यांचा शेक पुरा झाला. आज ती नात शाळेत जाते आणि आजीला पेपर वाचून दाखवते.

लक्षात ठेवा

यंत्राने बाहेरून दिलेला शेक अंगात राहत नाही. तो दुसऱ्याला लागत नाही.

अंगावर काढलेल्या खुणा पुसू नका. किरण कुठे पडायचे, ते त्यावरून ठरते.

मधेच शेक सोडू नका. अडचण आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

काही उपचार वेगळे असतात. गळ्याच्या थायरॉईड ग्रंथीच्या कॅन्सरवर किरण सोडणारे औषध पोटात देतात. त्या रोग्याला काही दिवस लहान मुलांपासून दूर राहावे लागते. तेव्हा आपला उपचार कोणता, हे विचारून घ्या.

आणि विचारायला लाजू नका. मी साठी ओलांडल्यावर विचारायला गेलो. न विचारता बसलो असतो, तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनात येतो.