परदेशातील सेवाकरार आणि कायद्याची निवड

एखाद्या संस्थेने देशाबाहेर माणसे कामावर ठेवली की तिच्या व्यवस्थापकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो हा की त्यांच्या नोकरीला कोणत्या देशाचा कायदा लागू होणार? याचे उत्तर बहुधा करारपत्रात शोधले जाते. ‘या करारास अमुक देशाचा कायदा लागू राहील’ असे एक कलम घातले की प्रश्न मिटला, अशी समजूत सर्वत्र आढळते. व्यापारी करारापुरती ती पुष्कळशी खरी आहे. सेवाकराराच्या बाबतीत ती टिकत नाही. ती का टिकत नाही, याचा विचार युरोपीय संघाच्या कायद्याच्या आधारे येथे करावयाचा आहे.

या विषयावरील मूळ नियम १९८० च्या रोम येथील आंतरराष्ट्रीय करारात आहेत. त्याची जागा पुढे २००८ च्या ‘रोम एक’ या विनियमाने घेतली. १७ डिसेंबर २००९ पासून केलेल्या करारांना तो लागू होतो. त्याच्या ८ व्या कलमानुसार उभय पक्षांना कायदा निवडण्याची मुभा आहे. परंतु अशी निवड केली नसती तर जो कायदा लागू झाला असता, त्यातील सक्तीच्या तरतुदींनी कामगारास दिलेले संरक्षण या निवडीने हिरावून घेता येत नाही. निवडीच्या अभावी लागू होणारा कायदा म्हणजे, सामान्यतः, ज्या देशात किंवा ज्या देशातून कामगार नेहमी काम करतो त्या देशाचा कायदा होय. यामागील विचार उघड आहे. व्यापारी करारात दोन्ही पक्ष घासाघीस करू शकतात. नोकरी मागणारा मनुष्य मात्र पुढे ठेवलेल्या कागदावर सही करतो.

हे तत्त्व एका खटल्याने स्पष्ट झाले. जर्मनीतील ओस्नाब्रुक येथे राहणाऱ्या एका मालमोटारचालकास १९९८ मध्ये लक्झेम्बर्गमधील एका कंपनीने नोकरी दिली. डेन्मार्कमधील ओडेन्स येथून फुले व रोपे मुख्यतः जर्मनीत पोचविणे हे त्याचे काम. गाड्यांची नोंदणी लक्झेम्बर्गची आणि करारातील कायदाही लक्झेम्बर्गचा. गाड्या उभ्या राहत त्या मात्र जर्मनीत. २००१ मध्ये त्यास कामावरून काढण्यात आले. कामगार समितीच्या सदस्यांना जर्मन कायदा देत असलेले विशेष संरक्षण पर्यायी सदस्य या नात्याने आपणासही मिळावे, असे त्याचे म्हणणे होते. लक्झेम्बर्गच्या न्यायालयांनी ते फेटाळले. तेव्हा त्याने तेथील शासनाविरुद्धच भरपाईचा दावा लावला. त्या दाव्यातून हा प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे गेला. १५ मार्च २०११ च्या निर्णयात न्यायालयाने सांगितले की, अनेक देशांत फिरणाऱ्या कामगाराच्या बाबतीतही नेहमीच्या कामाचे स्थळ व्यापक अर्थाने शोधले पाहिजे. चालक कोठून निघतो, सूचना कोठे मिळतात, गाडी कोठे असते, माल कोठे उतरविला जातो आणि काम संपल्यावर तो कोठे परततो, या सर्वांचा विचार करावा लागतो.

याचा अर्थ कामाचे स्थळ हीच अखेरची कसोटी, असा मात्र नव्हे. एका जर्मन कंपनीची कर्मचारी नेदरलँड्समधील तिच्या शाखांचे व्यवस्थापन अकरा वर्षांहून अधिक काळ सलग पाहत होती. तिच्या प्रकरणी १२ सप्टेंबर २०१३ रोजी त्याच न्यायालयाने असे ठरविले की, कराराचा अधिक निकटचा संबंध दुसऱ्या देशाशी असल्यास त्या देशाचा कायदा लागू करता येतो, मग कामाच्या स्थळाचा कायदा कामगारास अधिक अनुकूल का असेना. कर कोठे भरला जातो, सामाजिक विमा व निवृत्तिवेतन कोणत्या देशाच्या व्यवस्थेत आहे, या गोष्टी तेथे महत्त्वाच्या ठरतात.

तात्पुरत्या पाठवणीचा प्रकार आणखी निराळा आहे. पुण्यातील कंपनीने एखाद्या अभियंत्यास काही महिन्यांसाठी जर्मनीत पाठविले, तर एवढ्यानेच त्याचे नेहमीचे कार्यस्थळ बदलत नाही. तथापि जर्मनीत २०१५ पासून अमलात असलेला किमान वेतनाचा कायदा परदेशी मालकांनाही बांधतो. मूळ करार भारतीय कायद्याखाली राहूनही त्या काळातील वेतन त्या मर्यादेखाली जाता कामा नये.

अशा नियमांचे अज्ञान प्रत्यक्षात किती महाग पडते, हे नोकरी संपविताना कळते. जर्मनीत सेवासमाप्तीची सूचना स्वाक्षरीसह कागदावर द्यावी लागते. ई-मेलने पाठविलेली सूचना निरर्थक ठरते. सामान्यतः दहांहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत सहा महिने सेवा झाल्यावर १९५१ च्या संरक्षण कायद्यानुसार समर्थनीय कारण लागते, आणि सूचना मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कर्मचारी न्यायालयात जाऊ शकतो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत कारण न देता नोकरी संपविण्याची मुभा असते. त्या सवयीने येथे वागणाऱ्या व्यवस्थापकास करारातील कलम वाचवू शकत नाही.

तात्पर्य, करारपत्र हा या अभ्यासाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. निवडलेला कायदा कोणता, प्रत्यक्ष काम कोठून चालते, अधिक निकटचा संबंध कोणत्या देशाशी आहे आणि स्थानिक कायद्याचे कोणते नियम परकीय मालकासही टाळता येत नाहीत, हे चार प्रश्न याच क्रमाने नेमणुकीपूर्वीच विचारावयास हवेत. वाद उपस्थित झाल्यावर तेच प्रश्न न्यायाधीश विचारतो. मात्र तेव्हा उत्तरे बदलण्यास अवसर उरलेला नसतो.