छातीतला अँटेना आणि कारखान्यातले काम

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वेल्डरला पेसमेकर बसवला, की घरी जाण्यापूर्वी तो बहुधा एकच प्रश्न विचारतो, 'आता कामावर परत जाता येईल का?' प्रश्न पोटापाण्याचा आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी अँटेनाच्या शास्त्रात दडलेले आहे.

पेसमेकर म्हणजे टायटॅनियमच्या डबीत बंद केलेली बॅटरी आणि सर्किट. तिच्यातून निघालेली वायर, म्हणजे लीड, शिरेतून हृदयापर्यंत जाते. हृदयाचा ठोका चुकला की ही डबी हलका विद्युत इशारा देते. मात्र बॅटरी किती उरली, लीड ठीक आहे का, ठोक्यांत काही बिघाड झाला का, हे डॉक्टरांना कळायचे तर डबीला बाहेरच्या जगाशी बोलता आले पाहिजे. त्यासाठी तिला अँटेना लागतो.

अडचण इथेच सुरू होते. रेडिओलहरीची कंप्रता जितकी कमी, तितकी तिची लांबी जास्त. १ मेगाहर्ट्झची लहर ३०० मीटर लांब असते. अँटेना चांगला चालायचा तर त्याची लांबी साधारणपणे लहरीच्या पाव भागाइतकी हवी, म्हणजे इथे ७५ मीटर. म्हणूनच मध्यम लहरींच्या आकाशवाणी केंद्रांचे मनोरे एवढे उंच असतात. नाशिकहून पुण्याला जाताना लागणाऱ्या नारायणगावजवळ, खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ती आकाशातल्या १५० मेगाहर्ट्झपासूनच्या लहरी टिपते. त्यासाठी ४५ मीटर व्यासाच्या तब्बल ३० तबकड्या लागतात. पेसमेकरची डबी मात्र जेमतेम ५ सेंटिमीटरची!

मग लहान अँटेना चालतो कसा? १९५८ मध्ये स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णाला जगातला पहिला पेसमेकर शरीराच्या आत बसवला गेला. शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंते रूने एल्मक्विस्ट यांचे ते काम होते. त्या यंत्राची बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागे. त्यासाठी त्वचेवर तारेचे वेटोळे ठेवून सुमारे १५० किलोहर्ट्झची ऊर्जा आत पोहोचवत. ही लहर २ किलोमीटर लांब. पण इथे लहर दूर पाठवायचीच नव्हती. एका वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण करते, एवढाच भाग वापरायचा होता. पहिले यंत्र काही तासच टिकले, पण लार्सन पुढे २००१ पर्यंत जगले. आयुष्यभरात त्यांना २६ पेसमेकर लागले.

कमी कंप्रतेचे चुंबकीय क्षेत्र मांस आणि हाडांतून सहज जाते, पातळ धातूतूनही बरेचसे पार होते. म्हणून पेसमेकर तपासताना अनेक वर्षे छातीवर एक चकती ठेवली जाई, आजही काही यंत्रांना ती लागते. पण वेटोळ्याचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते. अंतर दुप्पट केले की जोर आठव्या हिश्शावर येतो. चकती चार बोटे सरकली तरी संवाद तुटतो.

दुरून संवाद साधायचा तर कंप्रता वाढवावी लागते. शरीरातल्या यंत्रांसाठी अनेक देशांनी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला आहे. ही लहर हवेत सुमारे ७५ सेंटिमीटर लांब असते. पाण्याने भरलेल्या स्नायूंत मात्र ती सुमारे १० सेंटिमीटरवर येते आणि लहान अँटेनालाही आवाक्यात येते. वायर नागमोडी दुमडून अभियंते तो आणखी आखूड करतात. धातू ही लहर अडवतो, म्हणून अँटेना डबीच्या वरच्या प्लॅस्टिकच्या भागात बसवतात. याची किंमतही आहे. शरीर लहरीतली बरीच ऊर्जा शोषून घेते आणि अँटेना जितका लहान तितका त्याचा पट्टा अरुंद. आकार, पट्टा आणि कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत, ही मर्यादा १९४०च्या दशकातच गणिताने दाखवून दिली आहे. पण फायदा मोठा आहे. उशाजवळच्या छोट्या यंत्राने रात्री माहिती वाचून दवाखान्याला पाठवली, तर सुरगाणा-पेठच्या रुग्णाच्या काही खेपा वाचू शकतात.

आता वेल्डरच्या प्रश्नाकडे वळू. त्याच्या छातीत एक नको असलेला अँटेनाही असतो, तो म्हणजे लीड. वेल्डिंगच्या केबलमधून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते लीडने पकडले तर पेसमेकरला तो हृदयाचाच ठोका वाटू शकतो. मग तो इशारा द्यायचे थांबतो आणि रुग्णाला चक्कर येते. शॉक देणारे आयसीडी यंत्र असेल, तर विनाकारण शॉक बसू शकतो. म्हणून आधुनिक लीडमध्ये दोन्ही टोके जवळजवळ ठेवतात आणि डबीच्या तोंडाशी फिल्टर बसवतात. म्हणजे एकाच यंत्रात एक अँटेना सुधारायचा आणि दुसरा मुद्दाम बिघडवायचा!

त्यामुळे 'आता काम बंद' असे सरसकट सांगणे बरोबर नाही, आणि 'काही होत नाही' म्हणणेही नाही. कोणते यंत्र, कोणते काम, किती अँपिअर, हे हृदयरोगतज्ज्ञांना नेमके सांगावे आणि लेखी सल्ला घ्यावा. परवानगी मिळाल्यास वेल्डिंगची ठिणगी छातीपासून किमान २ फूट दूर ठेवावी. जाणारी आणि येणारी केबल एकमेकींना लागून ठेवाव्यात, म्हणजे त्यांची क्षेत्रे एकमेकांना बरीचशी मारून टाकतात. केबल खांद्यावर घेऊ नये. अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या जागेजवळ लावावा. इंडक्शन भट्टी आणि स्पॉट वेल्डिंगसाठी वेगळा सल्ला घ्यावा. मोबाइल छातीच्या खिशात न ठेवता ६ इंच दूर ठेवावा. चक्कर किंवा धडधड जाणवली, तर काम थांबवून लगेच दूर व्हावे. पेसमेकरचे ओळखपत्र खिशात असू द्यावे आणि सुपरवायझरला कल्पना द्यावी. नोकरी जाईल या भीतीने यंत्र लपवणारा कामगार सर्वाधिक धोक्यात असतो. ती भीती दूर करण्याची जबाबदारी कारखान्याचीही आहे.