तुरीचं ‘मारुती’ वाण आणि परदेशी पैसा : संशोधनाचा हिशेब कसा मांडतात?

तुरीचं हिरवंगार पीक फुलोऱ्यात असताना झाडं अचानक पिवळी पडून वाळतात. खोड चिरलं की आत काळपट रेघ दिसते. हा मर रोग. त्याची बुरशी मातीत टिकून राहते, त्यामुळे झाड वाळायला लागल्यावर फवारणी करून फारसं काही हाती लागत नाही. भरवशाचा उपाय म्हणजे रोगाला दाद न देणारं बियाणं.

‘मारुती’ (आयसीपी ८८६३) हे तसंच एक वाण. ते हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेच्या कामातून निघालं आणि १९८६ साली कर्नाटकासाठी प्रसारित झालं. पुढे ते आपल्याकडेही पसरलं. इक्रिसॅट १९७२ मध्ये सुरू झाली. तिला अनेक देशांची सरकारं आणि देणगीदार संस्था पैसा देतात. भातासाठी फिलिपिन्समध्ये आणि गहू-मक्यासाठी मेक्सिकोत अशाच संस्था आहेत. मग प्रश्न येतोच, या पैशातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं?

पेरा किती झाला?

संस्थेनं किती वाणं काढली, यावर हिशेब संपत नाही. ती किती शिवारात गेली, हे पाहावं लागतं. इथे एक अडचण आहे. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन होतं, घरचं बी वर्षागणिक भेसळीचं होत जातं. शेतकरी ‘मारुती’ म्हणतो, पण पेरलेलं बी वेगळंच असू शकतं. म्हणून आता काही देशांत पाहणी करताना शेतातले नमुने घेऊन डीएनए तपासणी करतात.

नाहीतर काय झालं असतं?

उत्पन्न वाढलं ते वाणामुळे, की त्या साली पाऊस बरा होता म्हणून? हे ठरवायला त्याच भागातल्या, जुनंच बी पेरणाऱ्या शेतांशी तुलना करावी लागते. श्रेयही वाटून द्यावं लागतं. राज्यातली कृषी विद्यापीठं, बियाणे महामंडळ आणि आपलं बी शेजाऱ्याला देणारा शेतकरी, सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

फायदा कोणाला?

माल वाढला की भाव उतरतो. डाळ विकत घेणाऱ्याचा फायदा होतो. ज्याला नवं बी मिळालंच नाही, त्याला मात्र कमी उत्पन्न आणि कमी भाव असा दुहेरी फटका बसतो. म्हणून नुसता सरासरी आकडा पाहून भागत नाही.

मर रोगाला तोंड देणाऱ्या तुरीच्या संशोधनाचा असा हिशेब १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुंतवणुकीवरचा परताव्याचा दर चांगला निघाला. पण असे अभ्यास बहुतेक वेळा यशस्वी वाणांचेच होतात. जी वाणं शेतापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांचा खर्चही वहीत धरला तरच हिशेब खरा.

पाहणीला कुणी बांधावर आलं तर वाणाचं नाव, बी कुठून आणलं, एकरी किती पिकलं आणि काय भाव मिळाला, हे जसं आहे तसं सांगा. वाण बसलं नसेल तर तेही सांगा. पुढचा पैसा कोणत्या पिकावर लागायचा, हे ठरवताना असेच आकडे समोर ठेवले जातात.