खेळातील गुन्हा आणि खऱ्या कायद्याची शिक्षा

लोणावळ्यात आणि मावळात चिक्कीच्या दुकानापासून शिलाईच्या दुकानापर्यंत गल्ल्यागल्ल्यावर क्यूआर कोड लागला आहे. दुकान सांभाळणाऱ्या पोरांच्या हातात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये खेळ आहेत. खेळातील गुन्हा कोठे संपतो आणि खरा गुन्हा कोठे सुरू होतो, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना ठाऊक असणे जरुरीचे झाले आहे. ही सीमा ओलांडली की पोराची उमेद आणि दुकानाचे बँक खाते, दोन्ही अडकतात.

खेळातील तुरुंग

जीटीएसारख्या खेळाच्या आधारे काही लोक मोबाईलवर किंवा संगणकावर एक काल्पनिक शहर वसवितात. कोणी पोलीस होतो, कोणी डॉक्टर, कोणी दरोडेखोर. प्रत्येक शहराचे आपले नियम असतात. बँक लुटली तर खेळातील दंड भरावा लागतो, खेळातील तुरुंगात काही वेळ बसावे लागते. नियम वारंवार मोडणाऱ्यास कायमचे बाहेर काढतात. असे निव्वळ सोंग घेऊन खेळणे हा आपल्या देशाच्या कायद्याने गुन्हा नाही. वेळेची नासाडी होते, हा मुद्दा वेगळा.

परंतु याच खेळात दुसऱ्याचा पासवर्ड चोरून त्याचे खाते वापरले, तर माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चे कलम 66 (सी) लागते. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड. दुसरा कोणी असल्याचे भासवून मोबाईलवरून फसविले तर कलम 66 (डी) आहे, शिक्षा तितकीच. खेळातील गाडी किंवा बंदूक विकतो असे सांगून खरे पैसे उकळले आणि काहीच दिले नाही, तर ती सरळ फसवणूक होय. पूर्वी जिला लोक ‘चारसो बीस’ म्हणत, ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून अमलात आली. शिक्षा 7 वर्षांपर्यंत.

पैसा लागला की जुगार

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला; 22 ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात खेळांचे तीन प्रकार केले आहेत: ई-स्पोर्ट्स, करमणुकीचे खेळ आणि पैशांचे खेळ. जिंकून पैसे मिळतील या आशेने पैसे भरावयाचे, तो पैशांचा खेळ. त्यात कौशल्य आहे की नशीब, हा जुना वाद या कायद्याने निकालात काढला; दोन्हींस मनाई. पैसे देऊन घेतलेली नाणी किंवा टोकन डावावर लावली तरी तो पैसाच समजला जातो.

असा खेळ चालविणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पैशांची देवघेव करून देणाऱ्यास तितकीच शिक्षा. जाहिरात करणाऱ्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. खेळणाऱ्यास मात्र या कायद्यात शिक्षा नाही. त्यास बळी मानले आहे. या खेळांत दरवर्षी सुमारे 45 कोटी लोक 20,000 कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला होता.

सूरह माइदाच्या 90व्या आयतीत जुगाराला शराबच्या रांगेत बसविले आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. सूरह बकराच्या 219व्या आयतीत तर त्यात काही फायदा असल्याचे मान्य करून गुनाह त्याहून मोठा असल्याचे सांगितले आहे. व्यापाऱ्याला हा हिशेब लवकर कळावयास हवा.

दुकानदाराला खरा धोका

आम्हां व्यापाऱ्यांचा संबंध येतो तो बँक खात्यापाशी. सट्ट्याचे ॲप चालविणाऱ्यांना पैसे फिरविण्यासाठी दुसऱ्यांची खाती लागतात. ते होतकरू पोरांना किंवा मंदीत सापडलेल्या दुकानदाराला गाठतात. ‘खाते आणि सिमकार्ड द्या, महिन्याला भाडे देतो’ असे सांगतात. मे 2024 मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगाव येथे, पुणे ग्रामीण पोलिसांनी महादेव ॲपच्या सट्ट्यावर छापा घातला आणि नव्वदहून अधिक जणांना ताब्यात घेतले. अशा टोळीत सामील असल्याचे ठरले तर न्याय संहितेच्या कलम 112 खाली 1 ते 7 वर्षे कैद आहे. गुन्ह्यातील पैसा जाणूनबुजून फिरविला तर मनी लाँड्रिंगच्या कायद्याखाली 3 ते 7 वर्षे सक्तमजुरी.

शिक्षेच्या आधी फटका बसतो तो खाते गोठण्याचा. फसलेला माणूस 1930 या क्रमांकावर तक्रार करतो आणि त्याचा पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला, ती खाती रोखली जातात. असा पैसा घेऊन गिऱ्हाईकाने आमच्याकडून दोन थान कापड नेले, तरी आमचे खाते त्या साखळीत येऊ शकते. अशा वेळी उपयोगी पडते ती पक्की पावती.

म्हणून इतके करावे. खाते, सिमकार्ड, क्यूआर कोड कोणासही, अगदी नातेवाईकालाही, वापरावयास देऊ नये. ऑनलाइन आलेल्या प्रत्येक रकमेमागे बिल असावे. अनोळखी रक्कम जमा झाल्यास ती परस्पर परत न पाठविता बँकेस लेखी कळवावे. खाते रोखले गेल्यास कोणत्या पोलीस ठाण्याच्या तक्रारीवरून रोखले ते बँकेकडून लिहून घ्यावे, बिले घेऊन तेथील तपास अधिकाऱ्यास भेटावे, आणि जरूर तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करावा. फसवणूक झाल्यास 1930 वर त्वरित कळवावे. उशीर झाला की पैसा पुढे निघून जातो. लोणावळा, कामशेत, वडगाव पुणे ग्रामीण पोलिसांकडे येतात. तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे.

आणि घरी पोरांना विचारावे, ‘बेटा, यात पैसे लागतात का?’ उत्तर ‘हो’ आले, तर त्याच दिवशी पासबुक त्याच्याबरोबर बसून तपासावे. खाते ही अमानत आहे. तिच्या भाड्यात बरकत नाही.